रोजचं शब्दकोडं अडलं की मदत कुठून आणि कशी घ्यायची

पेपरातलं शब्दकोडं नव्याने सोडवायला घेतलं की बहुतेकांचं असंच होतं, पहिल्या दहा मिनिटांत सात-आठ शब्द पटापट बसतात, मग गाडी अडते, आणि मग एकतर पेपर घडी करून बाजूला जातो नाहीतर मोबाइल काढून सरळ उत्तर शोधलं जातं. दोन्ही करू नका. मदत घ्यायला माझी काहीच हरकत नाही, मी इतकी वर्षं कोडी सोडवतेय आणि अजूनही मदत घेते, पण ती एका अक्षरापुरती घ्यायची. अख्खा शब्द मागितला की तो संध्याकाळपर्यंत विसरतो, एक अक्षर मागितलं की बाकीचा शब्द आपण स्वतः काढतो आणि मग तो सहसा विसरत नाही. हा पूर्ण लेख त्या एका अक्षराबद्दल आहे असं समजा.

सगळ्यात आधी चौकोन मोजायला शिका

हे इतकं प्राथमिक आहे की कोणी सांगतच नाही, आणि नवीन माणूस नेमका इथेच अडकतो. मराठी कोड्यात एका चौकोनात एक पूर्ण अक्षर बसतं, म्हणजे काना-मात्रा-वेलांटी-उकारासकट. जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी एकच चौकोन. अनुस्वाराला वेगळा चौकोन नाही, विसर्गालाही नाही, त्यामुळे 'दुःख' दोन चौकोनांचा. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून 'अर्क' म्हणजे अ आणि र्क, दोनच. 'पुस्तक' तीन चौकोनांचं, पु-स्त-क. आणि 'स्वातंत्र्य' एवढा भारदस्त शब्द पण तोही तीनच, स्वा-तं-त्र्य. सुरुवातीला शब्द बोटांवर मोजायची सवय लावून घ्या, आठवड्याभरात ते डोळ्यांनीच व्हायला लागतं.

याचा एक मोठा फायदा आहे. इंग्रजी कोड्यात एका चौकोनात सव्वीस अक्षरांपैकी एक येतं, आपल्याकडे नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर शक्यता होतात, जोडाक्षरं वेगळीच. म्हणजे आपल्याला छेदणाऱ्या शब्दातून एक अक्षर मिळालं तर ते कितीतरी जास्त सांगून जातं. 'र' किंवा 'क' मिळालं तर फार नाही, पण 'धी' किंवा 'त्र्य' मिळालं तर अर्धं काम झालं.

मग पूर्ण यादी एकदा वाचा, आणि सोपं तेवढंच भरा

१ आडवा सुटला नाही म्हणून तिथेच बसून राहू नका. आडवे आणि उभे सगळे क्लू एकदा वरपासून खालपर्यंत वाचून काढा आणि ज्यात गाळलेली जागा आहे ते आधी भरा. 'नाचता येईना ____ वाकडे' (अंगण), 'उथळ पाण्याला ____ फार' (खळखळाट, पाच चौकोन), 'पळसाला पाने ____' अशा म्हणींना दुसरं उत्तर नसतं. त्यानंतर विरुद्धार्थी शब्द बघा, म्हणजे 'उदय × ____' वगैरे. यात कोणाची मदत लागत नाही आणि पुढच्या अवघड शब्दांना अक्षरं मिळायला लागतात.

पेन्सिलच वापरा, तीही हलक्या हाताने. १९१३ सालच्या २१ डिसेंबरला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात आर्थर विन यांनी पहिलं शब्दकोडं छापलं, ते चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं, आणि १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या प्रकाशकांनी शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा पुस्तकासोबत पेन्सिल जोडून दिली होती. त्यांना बरोबर कळलं होतं की लोक खोडणार. मी तर खात्री नसलेलं अक्षर चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक लिहिते आणि खात्री झाली की मग मोठं करते, असं केलं की नंतर काही जुळेनासं झालं तर कुठलं अक्षर कच्चं होतं ते लगेच दिसतं.

पहिली मदत कोड्याच्या चौकोनांकडूनच मागायची

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण खरी मजा इथे आहे.

समजा क्लू आहे 'समुद्र', तीन अक्षरी. नवीन माणूस 'सागर' लिहून मोकळा होतो. पण तीन अक्षरांत जलधी बसतो, उदधी बसतो, अर्णव बसतो. आता लगेच काही भरू नका, चारही शब्द कडेला लिहून ठेवा आणि बघा की या शब्दाला कोण कोण छेदतंय. समजा तिसऱ्या चौकोनातून एक दोन अक्षरी उभा शब्द खाली जातो, त्याचा क्लू 'संकटात हा सोडू नये'. डोक्यात दोन शब्द येतात, दम आणि धीर. आपल्या चार उमेदवारांची शेवटची अक्षरं र, धी, धी, व. 'द' ने संपणारा कोणीच नाही, म्हणजे दम गेला, धीर राहिला, आणि त्याबरोबर सागर आणि अर्णव पण गेले. राहिले जलधी आणि उदधी. आता पहिल्या चौकोनातून खाली जाणारा शब्द, 'पाण्यावरचं मोठं वाहन, उलटसुलट सारखंच', तीन अक्षरी. ज-हा-ज. झालं, जलधी पक्का.

बघा, यात आपल्याला एकही क्लू एकटा सुटत नव्हता. दोन अर्धवट माहीत असलेल्या गोष्टी एकमेकांना भिडवल्या की उत्तर निघतं. बाहेर कोणाला विचारायच्या आधी प्रत्येक अडलेल्या शब्दाला हे एकदा करून बघायचंच.

क्लूच्या व्याकरणाकडे पण नीट बघा, तिथेही फुकट मदत पडलेली असते. क्लू अनेकवचनात असेल तर उत्तर पण अनेकवचनी, 'फूल' असेल तर सुमन आणि 'फुले' असेल तर सुमने. क्लूमध्ये 'जाणारी' असेल तर उत्तर स्त्रीलिंगी. क्लू 'करणे' असा असेल तर उत्तराचं शेवटचं अक्षर बहुतेक 'णे' असतं, ते कोपऱ्यात बारीक लिहून ठेवलं तरी पुढचा शब्द हलायला लागतो. क्लूमध्ये 'उलटला', 'फिरला', 'उलटसुलट' असं काही दिसलं तर शब्द उजवीकडून वाचून बघा, आपल्याकडे अक्षराअक्षराने उलटायचं असतं, म्हणजे नदी उलटली की दीन होते आणि राधाची धारा होते. कनक, नयन, कडक, सरस हे दोन्हीकडून सारखेच, असे शब्द कोडं रचणाऱ्यांना फार आवडतात.

आणि एका शब्दाचे अनेक अर्थ. 'पात्र' म्हणजे भांडं, नदीचं पात्र, नाटकातलं पात्र आणि लायक माणूस. 'कर' म्हणजे हात, किरण, हत्तीची सोंड, आणि सरकारला भरतो तो कर. 'अंक' म्हणजे मांडी पण आणि मासिकाचा अंक पण. क्लू वाचून एकच चित्र डोळ्यांसमोर आलं आणि काही सुचत नसलं, तर क्लूमधल्याच शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन बघा. 'तीर' लिहिलंय आणि आपण बाण बाण करत बसलोय, हवा असतो काठ.

थोडा वेळ सोडून द्या

हे छोटंसंच आहे पण खरंच चालतं. अडलं की पेपर ठेवून दुसरं काहीतरी करा, अर्ध्या-एक तासाने परत या. मघाशी ज्या चुकीच्या अर्थाला आपण चिकटून बसलो होतो तो सुटलेला असतो आणि दोन-तीन शब्द समोरून येतात. सकाळी अडलेलं संध्याकाळी बघा.

माणसाला विचारताना

आता खरोखर बाहेरची मदत. मला विचाराल तर पहिली मदत माणसाची घ्या, मशीनची नंतर. घरात किंवा ओळखीत ज्यांचं वाचन जुनं आहे असं कोणीतरी असतंच, त्यांना विचारा, त्यांनाही आवडतं.

पण विचारायची पद्धत असते. 'तीन अक्षरी शब्द, मध्ये ल, काय असेल' असं विचारलं की समोरच्याने काय सांगायचं? क्लू जसाच्या तसा वाचून दाखवा, आपल्या शब्दांत नको, कारण आपण अर्थ सांगताना आपलाच गैरसमज त्यात घालतो. किती चौकोन ते सांगा. कुठलं अक्षर कितव्या जागी आहे ते सांगा, आणि त्यातलं कुठलं पक्कं, कुठलं अंदाजाने हेही सांगा, हे फार महत्त्वाचं आहे कारण निम्म्या वेळा आपलं आधीचं अक्षरच चुकलेलं असतं आणि समोरचा माणूस बिचारा त्याच्यावर इमारत बांधत बसतो. तुम्ही काय काय लावून बघितलं ते सांगा. आणि शेवटी स्पष्ट सांगा, की उत्तर नको, इशारा द्या.

मला हे माझ्या आत्याने शिकवलं. एकदा 'पक्षी किंवा दात' असा क्लू होता, दोन अक्षरी, दुसरं अक्षर ज. मी 'खग' आणि 'दंत' यांच्यामध्ये अडकून बसले होते, दोन्हीत ज नाही. तिला फोन केला, म्हटलं आत्या सांग ना. ती म्हणाली, "अगं, पक्षी आधी अंड्याच्या रूपात येतो, मग अंडं फोडून बाहेर येतो. दात आधी दुधाचे येतात, ते पडतात, मग पक्के येतात. दोघांत सारखं काय?" मी म्हटलं, दोन्ही दोनदा जन्मतात. "मग दोनला संस्कृतात काय म्हणतेस?" द्विज! तो शब्द मी आयुष्यात विसरणार नाही, आणि तिने नुसता सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षातही नसता.

त्या एका फोनमधून अजून एक गोष्ट हाती लागली, की संस्कृत शब्दांची शेपटी ओळखायची. शेवटी 'ज' म्हणजे जन्मलेला, 'द' म्हणजे देणारा, 'धी' म्हणजे साठा. आता पाण्याला जल, नीर, अंबु, वारि, तोय असे शब्द आहेत, त्यांना या शेपट्या लावत चला. जलज, नीरज, अंबुज, वारिज म्हणजे पाण्यात जन्मलेलं ते कमळ. जलद, नीरद, अंबुद, तोयद म्हणजे पाणी देणारा तो ढग. जलधी, अंबुधी, वारिधी म्हणजे पाण्याचा साठा तो समुद्र. पाच शब्द आणि तीन शेपट्या पाठ असल्या की डझनभर उत्तरं तयार. हे कळल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं, दिसेल त्या शब्दाची शेपटी बघत होते.

तुम्हाला कोणी मदत मागितली तर तुम्हीही असंच करा. आधी अर्थाकडे बोट दाखवा, मग पहिलं अक्षर द्या, आणि अगदीच नाही जमलं तर शब्द.

कोश उघडताना

माणूस हाताशी नसेल तर कोश. अमरकोश हा संस्कृत कोश समानार्थी शब्दांसाठी अजूनही सगळ्यात कामाचा आहे, कारण तो अकारविल्हे नाही, विषयवार आहे, म्हणजे पाण्याचे शब्द एका वर्गात, प्राण्यांचे एका वर्गात. अडलेला शब्द बघायला जाता जाता शेजारचे चार शब्द ओळखीचे होतात.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येते, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पण तिथे आहे. मोल्सवर्थमध्ये एक युक्ती करता येते. तिथे फक्त मूळ शब्द नाही, अर्थाच्या मजकुरातही शोधता येतं, त्यामुळे हत्तीला अजून कुठले शब्द आहेत हे हवं असेल तर हत्तीचा इंग्रजी शब्द टाकून मजकुरात शोधा, गज, कुंजर असे मराठी शब्द एकेक करून समोर येतात. त्यातून चौकोनांत बसणारा आपण निवडायचा. बृहद्कोश नावाच्या साइटवर अनेक मराठी कोश एका वेळी शोधता येतात, मोबाइलवर तेच सोपं पडतं.

एक सांभाळा, जुन्या कोशांचं लेखन जुनं आहे. तिथे 'सोने' असं टाकून काही मिळालं नाही तर 'सोनें' असं अनुस्वार देऊन बघा, 'नाव'चं 'नांव' करून बघा. हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. त्याच नियमांनी 'रवि' 'कवि' यांचं 'रवी' 'कवी' झालं, म्हणून आजच्या कोड्यात शेवटचा इकार-उकार दीर्घ धरायचा, पण समासात पहिला शब्द असेल तर तो ऱ्हस्वच राहतो, अंबुज मधला बु ऱ्हस्व. छेदणाऱ्या शब्दात तेच अक्षर दीर्घ येत असेल तर आधी आपलं ऱ्हस्वदीर्घ तपासा, मग कोडं रचणाऱ्याला दोष द्या. एखाद्या कोड्यात ऱ्हस्वदीर्घाकडे थोडा कानाडोळा केलेला असतो हेही खरं, चार-पाच दिवस एकच कोडं सोडवलं की त्याची पद्धत कळते.

नुसत्या माहितीचे क्लू असतात, कुठल्या देशाची राजधानी, कुठल्या खेळाडूचं आडनाव, तिथे डोकं लावून काही निघत नाही, माहीत असतं किंवा नसतं. छेदणाऱ्या अक्षरांवरून येत नसेल तर सरळ शोधा, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तिथे बघा. हे शोधण्यात कमीपणा अजिबात नाही. शब्दाचा क्लू मात्र इतक्या लवकर शोधू नका.

मशीनला विचारताना

चॅटबॉटला विचारलं तर उत्तर फार आत्मविश्वासाने येतं, आणि अक्षरांची मोजणी बऱ्याचदा चुकलेली असते. याचं कारण समजून घ्या म्हणजे फसणार नाही. कॉम्प्युटरमध्ये देवनागरी अक्षर एकसंध साठवलेलं नसतं, त्याचे तुकडे असतात, व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी, पाय मोडायची खूण वेगळी, अनुस्वार वेगळा. आपला तो तीन चौकोनांचा 'स्वातंत्र्य' तिथे अकरा तुकड्यांचा असतो. त्यामुळे 'तीन अक्षरी शब्द दे' म्हटलं की कधी चार चौकोनांचा येतो कधी दोन. अक्षरं देऊन शब्द शोधायची टूल्स असतात त्यातली काही पण तुकडेच मोजतात.

म्हणून मशीनकडे अक्षरसंख्या मागूच नका. 'ढग या अर्थाचे जुने, संस्कृत, काव्यातले जितके शब्द आहेत तितके दे' अशी यादी मागा आणि मोजायचं काम स्वतः करा. आणि यादीतला शब्द अनोळखी असेल तर कोशात एकदा बघा, कारण मशीन कधीकधी नसलेले शब्द पण बनवून देतं.

काहीच जुळेनासं झालं तर

कोपऱ्यातला एक भाग हट्टाला पेटल्यासारखा अडून बसतो, काही केल्या एकही शब्द लागत नाही. अशा वेळी नव्याने शोधणं थांबवा आणि त्या भागातलं आधीच भरलेलं काय आहे ते संशयाने बघा. ज्या शब्दाला दुसरा कोणीच छेदून दुजोरा देत नाही तो पहिला संशयित. तो खोडा, त्याच्यामुळे आलेली अक्षरं खोडा, आणि क्लू पहिल्यांदा वाचतोय असे वाचा. मला तर असंही झालंय की 'भास्कर' लिहिलं होतं आणि हवं होतं 'आदित्य', दोन्ही तीन अक्षरी, आणि त्या एका शब्दापायी खालचे चार शब्द अडलेले.

दुसऱ्या दिवशीचं उत्तर

बहुतेक पेपरांत उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. ते बघून फक्त 'अच्छा' म्हणून सोडू नका, ही सगळ्यात मोठी मदत आहे आणि लोक तीच वाया घालवतात. न सुटलेला प्रत्येक शब्द वहीत लिहा, शेजारी क्लू जसाच्या तसा, आणि चौकोन किती. अकारविल्हे नको, अर्थाप्रमाणे पानं करा, एक पान सूर्याचं, एक राजाचं, एक तलवारीचं, आणि प्रत्येक पानावर दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी असे भाग. सूर्याच्या पानावर रवी, भानू, मित्र, अर्क दोनमध्ये, भास्कर, आदित्य, सविता, मार्तंड तीनमध्ये, दिनकर, प्रभाकर, दिवाकर चारमध्ये. कोडं रचणाऱ्याला छोटे आणि सोयीचे शब्द परत परत लागतात, असी आणि तेग (तलवार), हय (घोडा), नृप (राजा), तोय आणि उदक (पाणी) हे बोलण्यात कधी येत नाहीत पण कोड्यात सारखे येतात, त्यामुळे महिन्याभरात वहीतलेच शब्द समोर यायला लागतात.

छापलेलं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तर लगेच स्वतःला चूक धरू नका. तुमचा शब्द छेदणाऱ्या सगळ्या शब्दांशी जुळतो का ते बघा. जुळत असेल तर तुमचंही बरोबर आहे, वहीत दोन्ही लिहा.